देवगिरीचा राजा रामदेवराव

श्रावणीच्या दिवशी स्नानसमयी जो दीर्घ संकल्प सांगितला जातो त्यास हेमाद्री संकल्प म्हणतात, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. चुन्यावाचून दगडावर दगड बसवून उभारलेल्या जुन्या देवळांस आपण हेमाडपंती म्हणतो, हेही सर्वश्रुत आहे. परंतु हा हेमाद्री पंडित ज्या राजाच्या पदरी होता, त्या देवगिरीच्या रामदेवराव यादवाविषयी आपली माहिती फार तोकडी असते. अल्लाउद्दीन खिलजीने ज्याचा पराभव केला तो दुर्दैवी राजा, एवढीच त्याची ओळख शाळेच्या पुस्तकातून आपणांस झालेली असते. तो गादीवर कोणत्या मार्गाने आला, चाळीस वर्षे त्याने राज्य कसे केले आणि त्याच्या पश्चात त्याच्या कुळाची काय गती झाली, याचा वृत्तांत एकत्र वाचला असता मनुष्य अंतर्मुख झाल्यावाचून राहत नाही. म्हणून या अंकी आम्ही त्याचे चरित्र संक्षेपाने सादर करीत आहो.

यादवांचे घराणे आरंभी कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली तेव्हा पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वातंत्र्य पुकारले आणि देवगिरीस राजधानी केली. त्याचा नातू सिंघण हा या कुळातील सर्वांत पराक्रमी पुरुष होय. त्याच्या कारकिर्दीत नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंतचा बहुतेक मुलूख यादवांच्या छत्राखाली आला. सिंघणाचा पुत्र जैतुगी बापाच्या हयातीतच वारला. त्यामुळे इ. स. १२४६ च्या सुमारास सिंघणानंतर त्याचा वडील नातू कृष्णदेव गादीवर आला. यासच कान्हरदेव असेही म्हणत. कृष्णदेवाने आपला धाकटा बंधू महादेव यास युवराजपद दिले होते आणि दोघां भावांचे सख्य चांगले होते, असे दिसते.

आपल्या कथेतील अडचणीचे बीज या सख्यातच होते. इ. स. १२६१ च्या सुमारास कृष्णदेव निवर्तला तेव्हा त्याचा पुत्र रामचंद्र, म्हणजेच आपला रामदेवराव, अल्पवयी होता. राज्य बालकाच्या हाती देण्याचा तो काळ नव्हता. दक्षिणेस होयसळ, पूर्वेस काकतीय, उत्तरेस माळवा व गुजराथ असे चारी दिशांस बलिष्ठ शेजारी टपून होते. अशा वेळी युवराज महादेवाने राज्यभार उचलला, यात कोणास अनुचित वाटण्याचे कारण नव्हते. महादेवानेही आपली योग्यता दाखविली. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्यावर त्याने स्वारी केली. सोमेश्वराने समुद्राचा आश्रय घेतला आणि तेथेच त्याचा अंत झाला. मुंबईनजीक बोरिवलीस, एकसर येथे, जे वीरगळ आजही उभे आहेत, त्यांवरील नौकायुद्धाचे देखावे याच संग्रामाचे असावेत असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. कोकण यादवांच्या राज्यास जोडले गेले ते या वेळी.

हेमाद्री पंडित उदयास आला तो याच महादेवाच्या कारकिर्दीत. कामदेवाचा पुत्र, वत्सगोत्री ब्राह्मण, शास्त्रांत निष्णात आणि कारभारात तितकाच कुशल, असा हा पुरुष श्रीकरणाधिप झाला. राज्याचे सर्व लेखन, हिशेब व सनदापत्रे त्याच्या हातून जात असत. चतुर्वर्गचिंतामणी हा व्रते, दाने, तीर्थे इत्यादींचा प्रचंड ग्रंथ त्याने याच काळात सिद्ध केला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने टीका लिहिली. मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्याच्याच आश्रयाने राहत असे. येथे एक गोष्ट नमूद करणे आम्हांस अवश्य वाटते. ज्या बांधणीस हेमाद्रीचे नाव चिकटले आहे ती त्याच्याहून जुनी आहे. अंबरनाथचे देऊळ शके ९८२ चे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे आहे. तथापि लोकांनी एका प्रधानाचे नाव सर्व देवळांस द्यावे, यावरून त्याचा प्रभाव केवढा असेल याची कल्पना येते. चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडाच्या आरंभी त्याने यादव राजांची प्रशस्ती लिहिली असून तीत महादेवाचा गौरव मुक्तकंठाने केला आहे.

महादेव इ. स. १२७०–७१ च्या सुमारास वारला. आता गादी कोणाची? एव्हाना रामदेवराव वयात आला होता. वडील भावाचा तो पुत्र. ज्या कारणाकरिता राज्य चुलत्याच्या हाती गेले होते ते कारण आता उरले नव्हते. धर्मदृष्ट्या आणि लोकरीतीप्रमाणे राज्य त्याच्याकडे परत यावयास पाहिजे होते. परंतु महादेवासही पुत्र होता. त्याचे नाव आमणदेव. आपल्यामागे पुतण्याऐवजी पुत्रानेच राज्य करावे अशी योजना महादेवाने करून ठेविली, आणि त्याप्रमाणे आमणदेव सिंहासनावर बसला. ठेव म्हणून सांभाळावयास घेतलेली वस्तू सांभाळणाराच्या घरची झाली. पुढील सर्व अनर्थाचा उगम या एका गोष्टीत आहे, असे आमचे नम्र मत आहे. महादेव दुष्ट नव्हता, शूर होता, धर्मनिष्ठ होता. परंतु पुत्रप्रेमापुढे त्याचा विवेक लुळा पडला.

आमणदेव तरुण होता आणि नृत्यगायनाचा शौकीन म्हणून त्याची ख्याती होती. देवगिरीचा किल्ला म्हणजे केवळ लढाईने घेता येण्याजोगे स्थळ नव्हे. ज्या वाचकांनी दौलताबादेची यात्रा केली असेल त्यांनी तो सरळ तासलेला कडा पाहिलाच असेल. रामदेवरावापाशी सैन्य फारसे नव्हते. तेव्हा त्याने दुसरा उपाय योजिला. महानुभाव ग्रंथांतून जी हकीकत आली आहे ती अशी की, रामदेवराव आपल्या विश्वासू माणसांसह नटांच्या वेषाने गडावर गेला. नाटकमंडळी आली आहे हे ऐकून राजास आनंद झाला व खेळाची आज्ञा झाली. राजसभेत नृत्य सुरू झाले, सभा रंगून गेली, आणि नटांनी आपली खरी रूपे प्रकट केली. आमणदेव व त्याचे साहाय्यक क्षणात कैद झाले. अशा रीतीने इ. स. १२७१ मध्ये देवगिरीचे सिंहासन रामदेवरावाच्या हाती आले.

येथवर वाचकांचे मन रामदेवरावाच्याच बाजूचे असेल. आपला न्याय्य वारसा त्याने रक्ताचा पाट न वाहविता, बुद्धिचातुर्याने परत मिळविला. परंतु कथा येथे थांबत नाही. कैद केलेल्या आमणदेवाचे डोळे काढविण्यात आले. आंधळा मनुष्य राज्य करू शकत नाही, म्हणून प्रतिस्पर्ध्यास जिवंत ठेवूनही कायमचे दूर करण्याचा हा मार्ग त्या काळी अनेक दरबारांत रूढ होता. आमणदेव रामदेवरावाचा सख्खा चुलतभाऊ होता. ज्या महादेवाने अन्याय केला तो तर केव्हाच निघून गेला होता. बापाने दिले ते घेतले, एवढाच काय तो मुलाचा अपराध. त्यानंतर आमणदेव इतिहासातून नाहीसा होतो.

आणि हेमाद्री? ज्याने महादेवाची प्रशस्ती लिहिली, ज्याच्या डोळ्यांदेखत हा उत्पात झाला, तो नव्या राजाच्या दरबारीही श्रीकरणाधिपच राहिला. दोन्ही पक्षांस हवासा वाटणारा तो कारभारी होता. त्याच्यावाचून राज्याचा गाडा चालणे अवघड, हे रामदेवराव जाणून असावा. हेमाद्रीच्या मनात त्या वेळी काय आले असेल ते आज कोण सांगणार? महानुभाव मंडळी त्याच्याविषयी कटुतेने लिहितात, तर कर्मठ वैदिक परंपरा त्याचा नित्य उच्चार करते. आम्ही एवढेच म्हणू की, ज्याच्या शब्दास वजन असते त्याचे मौनही एक कृत्यच असते.

पुढची पंचवीस वर्षे मात्र महाराष्ट्राच्या भरभराटीची गेली. रामदेवरावाने माळवा व गुजराथ यांच्याशी युद्धे केली. त्याचा सेनापती टिक्कम इ. स. १२७६ मध्ये होयसळांच्या थेट द्वारसमुद्र राजधानीपर्यंत जाऊन भिडला. नगर हाती लागले नाही, तरी पुष्कळ लूट घेऊन तो परतला. राज्यात विद्येस आश्रय होता आणि मराठी भाषेस नवे तेज चढत होते. पंढरपूरच्या मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणून जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात शके ११९५ ते ११९९ या काळात श्रीविठ्ठलाच्या देवळास ज्यांनी दाने दिली त्यांची नावे कोरली आहेत. सामान्य भाविकांच्या बरोबरीने रामदेवरावाचे व हेमाद्रीचेही नाव त्यात येते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, श्रीज्ञानेश्वर महाराजांनी नेवासे येथे भावार्थदीपिका पूर्ण केली, तेव्हा ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी याच राजाचा न्यायाने राज्य करणारा म्हणून निर्देश केला. ज्या प्रजेने या राजाच्या छायेत सुखाने दिवस काढले, तिच्या दृष्टीने तो निर्देश सार्थ होता यात संशय नाही.

आमच्या मनात येथे एक विचार येतो, तो वाचकांपुढे ठेवितो. पंढरपूरच्या शिळेवर राजाचे दान कोरले गेले. त्याच्या ताम्रपटांतून त्याचे विजय कोरले गेले. तथापि दानाने आमणदेवाचे डोळे परत आले नाहीत. व्रतखंड व दानखंड ज्या हेमाद्रीने रचले, त्यास हे इतरांहून अधिक कळत असले पाहिजे.

इ. स. १२९६ मध्ये उत्तरेकडून वादळ आले. दिल्लीस त्या वेळी जलालुद्दीन खिलजी राज्य करीत होता. त्याचा पुतण्या व जावई अल्लाउद्दीन हा गंगाकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार होता. देवगिरीच्या संपत्तीची कीर्ती त्याच्या कानी होती. चुलत्यास न कळविता काही हजार निवडक स्वार घेऊन तो चंदेरी व एलिचपुराच्या मार्गाने दक्षिणेत उतरला. आपण चुलत्याशी बिनसल्यामुळे राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस चाललो आहो, अशी हूल त्याने उठविली होती. देवगिरीच्या वाटेवरील घाटात कान्हा नावाच्या सरदाराने त्यास अडविले. त्या लढाईत दोन स्त्रियांनी मोठा पराक्रम केला, असे इसामी लिहितो. परंतु घाट पडला आणि शत्रू राजधानीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

या वेळी देवगिरीत सैन्य नव्हते. युवराज शंकरदेव मोठी फौज घेऊन दूर गेला होता. रामदेवरावाने जी काही माणसे हाताशी होती ती घेऊन सामना दिला आणि मागे हटून किल्ल्याचा आश्रय केला. अल्लाउद्दीनाने खालचे नगर लुटले, व्यापाऱ्यांस पकडले, आणि आपल्यामागून दिल्लीची वीस हजार फौज येत आहे अशी आवई उठविली. गडावर वेढा सहन करण्यापुरते धान्य असावे म्हणून घाईने गोण्या वर चढविण्यात आल्या होत्या. फिरिश्ता सांगतो की, त्या गोण्या कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या होत्या आणि उघडून पाहिल्या तेव्हा त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले.

रामदेवरावाने खंडणी देऊन तह ठरविला. इतक्यात शंकरदेव फौजेनिशी परत आला. तह झाला आहे, आता शस्त्र उचलू नये, असा निरोप बापाने पाठविला. पण तरुण युवराजाने तो मानला नाही. त्याने अल्लाउद्दीनावर हल्ला चढविला आणि खिलजी सैन्य मोडण्याच्या बेतास आले. त्या क्षणी वेढ्यावर ठेवलेला नुसरतखान आपल्या सुमारे हजार स्वारांसह धूळ उडवीत रणात आला. हीच ती दिल्लीची मोठी फौज, अशी यादव सैन्याची समजूत झाली आणि त्याचा धीर सुटला. आता खंडणीचा आकडा कितीतरी वाढला. फिरिश्त्याच्या लेखनात सहाशे मण सोने, हजार मण रुपे, सात मण मोती असे आकडे आहेत. तो तीनशे वर्षांनंतर लिहीत होता, तेव्हा आकडे अतिशयोक्तीचे असतील. तरीही लूट अपार होती, याविषयी सर्वांचे एकमत आहे. शिवाय एलिचपूर प्रांताचे वार्षिक उत्पन्न देण्याचे रामदेवरावाने कबूल केले.

या संपत्तीचे पुढे काय झाले ते पाहणे उद्‌बोधक आहे. अल्लाउद्दीन कड्यास परतला. वृद्ध जलालुद्दीन पुतण्यास भेटण्याकरिता गंगेतून नावेने आला. पुतण्यास जवळ घेत असता त्याच्यावर तलवारीचा घाव पडला, आणि जुलै १२९६ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मग अल्लाउद्दीन दिल्लीकडे निघाला तेव्हा वाटेत मुक्कामामुक्कामास तो लोकांवर सोने उधळीत गेला, असे बरनी सांगतो. ते सोने देवगिरीचे होते. जलालुद्दीनाच्या दोघा पुत्रांचे डोळे काढण्यात आले. पंचवीस वर्षांपूर्वी देवगिरीस जे घडले तेच दिल्लीस घडले, फक्त प्रमाण मोठे होते. गादीसाठी चुलतभावाचे डोळे काढणाऱ्या राजाच्या भांडारातून, गादीसाठी चुलतभावांचे डोळे काढणाऱ्या दुसऱ्या राजास द्रव्य मिळाले.

काही वर्षांनी देवगिरीहून खंडणी जाणे थांबले. या सुमारास घरातच दोन पक्ष पडले होते. शंकरदेवास दिल्लीची अधीनता मान्य नव्हती, तर रामदेवरावास विरोध निष्फळ वाटत होता. पुत्र आपणांस जुमानीत नाही, असा गुप्त निरोप राजानेच सुलतानाकडे धाडला, असे इसामी सांगतो. इ. स. १३०८ च्या सुमारास मलिक काफूर फौज घेऊन आला. हा काफूर म्हणजे गुजराथच्या स्वारीत खंबायतेस हाती लागलेला एक गुलाम. सुलतानाची मर्जी बसल्यामुळे तो साम्राज्याचा सेनापती झाला होता. देवगिरीचा पाडाव करून त्याने रामदेवरावास दिल्लीस नेले. तेथे मात्र अल्लाउद्दीनाने त्याचा अनपेक्षित सन्मान केला. सुमारे सहा महिने तो पाहुणा म्हणून राहिला. रायरायान हा किताब, राजचिन्हे व पुष्कळ द्रव्य देऊन त्यास परत पाठविण्यात आले. दक्षिणेच्या पुढील मोहिमांसाठी सुलतानास देवगिरीत एक मित्र पाहिजे होता.

तो मित्र त्यास मिळाला. इ. स. १३०९ मध्ये काफूर वरंगळवर निघाला तेव्हा रामदेवरावाने त्यास रसद पुरविली. इ. स. १३११ मध्ये तो द्वारसमुद्राकडे निघाला तेव्हा देवगिरीच्या सरहद्दीवरील सरदारास वाट दाखविण्याची आज्ञा झाली. ज्या द्वारसमुद्रावर एके काळी टिक्कमाने यादवांचे निशाण नेले होते, त्याच द्वारसमुद्राचा मार्ग यादवांचा सरदार दिल्लीच्या फौजेस दाखवीत होता. या दोन मोहिमांच्या दरम्यानचा, शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा एक ताम्रपट गोदातीरी बीड जिल्ह्यातील पुरुषोत्तमपुरीस मिळाला आहे. राजाचा मंत्री पुरुषोत्तम याने अग्रहारासाठी दिलेल्या गावांचा हा लेख होय. त्यात रामदेवरावाच्या दिग्विजयांचे वर्णन आहे, आणि वाराणसी मुक्त करून तेथे विष्णूचे मंदिर बांधल्याचेही म्हटले आहे. दिल्लीच्या भेटीचा त्यात शब्द नाही. पुरुषोत्तमपुरीचे देवस्थान आजही आहे, आणि अधिक मासात तेथे मोठी यात्रा भरते. मंत्र्याचे दान खरे होते व ते टिकले. पण प्रशस्तीतील राजा आणि त्या क्षणी देवगिरीवर राहणारा राजा, हे दोन निरनिराळे पुरुष होते.

इ. स. १३११ च्या सुमारास रामदेवरावाने इहलोकीची यात्रा संपविली. गादीवर आलेल्या शंकरदेवाने दिल्लीचे जू झुगारून दिले. काफूर पुन्हा आला आणि इ. स. १३१३ मध्ये शंकरदेवाचा वध झाला. काही काळाने दिल्लीत गोंधळ माजल्याची संधी साधून रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याने देवगिरी स्वतंत्र केली. इ. स. १३१८ मध्ये सुलतान कुतुबुद्दीन मुबारक स्वतः चालून आला. हरपाळदेव पकडला गेला आणि त्यास अत्यंत क्रूरपणे मारण्यात आले. भिल्लमाने उभारलेले राज्य अशा रीतीने लयास गेले.

आता एक शेवटची हकीकत सांगावयाची राहिली आहे, आणि तीसाठीच आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले. रामदेवरावाची एक कन्या अल्लाउद्दीनाच्या जनानखान्यात गेली होती. तिला पुत्र झाला, त्याचे नाव शिहाबुद्दीन उमर, असे इसामी सांगतो. हा ग्रंथकार दौलताबादेस राहून चौदाव्या शतकाच्या मध्यास लिहीत होता. जानेवारी १३१६ मध्ये अल्लाउद्दीन मरण पावला तेव्हा सर्व सत्ता काफूराच्या मुठीत होती. त्याने वडील पुत्र खिज्रखान व त्याचा भाऊ शादीखान यांचे डोळे काढविले, आणि पाच-सहा वर्षांच्या शिहाबुद्दीनास तख्तावर बसवून आपण कारभार पाहू लागला. महिन्याभरातच राजवाड्याच्या पहारेकऱ्यांनी काफूरास ठार केले. तिसरा भाऊ मुबारक प्रथम बालसुलतानाचा पालक झाला आणि दोनच महिन्यांनी स्वतः सुलतान झाला. त्याने आपल्या या सावत्र भावास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठविले आणि त्याचे डोळे काढविले. पुढे तिन्ही आंधळ्या भावांस तेथेच मारण्यात आले. मुबारकासही एक लाडका होता, त्याचे नाव खुश्रूखान. इ. स. १३२० मध्ये त्याने आपल्या धन्याचा खून केला, आणि खिलजी घराणेही संपले.

वाचकांनी या गोष्टीचा क्षणभर विचार करावा. इ. स. १२७१ मध्ये देवगिरीवर रामदेवरावाने आपल्या चुलतभावाचे डोळे काढविले. पंचेचाळीस वर्षांनी त्याच्या मुलीच्या मुलाचे डोळे काढण्यात आले, आणि कारण तेच होते. ते बालक आपण होऊन तख्तावर बसले नव्हते. दुसऱ्याने बसविले म्हणून बसले होते. आमणदेवाचाही अपराध एवढाच होता. आम्ही यास दैवी न्याय म्हणावयास धजत नाही, कारण आजोबाचे फळ निरपराध नातवाने भोगावे यास न्याय कसे म्हणावे? परंतु राजघराण्यात एकदा जी रीत पडते ती राज्य ओलांडून, धर्म ओलांडून, पिढ्या ओलांडून कशी चालते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या वाचनात नाही. गादीचा वारस ठरविण्याचा मान्य व निश्चित नियम नाही, जो नियम आहे तो पुत्रप्रेमाने मोडला जातो, आणि कारभारी मंडळी ज्याचे पारडे जड त्याच्या बाजूस जातात. मग शेवटी तलवार व तापलेली सळई यांखेरीज निर्णयाचे साधन उरत नाही.

रामदेवरावास आम्ही दुर्जन मानीत नाही. ज्याच्या राज्यात ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ निर्माण झाला, ज्याने पांडुरंगाच्या चरणी दान ठेविले, त्याच्याविषयी आदर बाळगूनच हे लिहिले आहे. त्याचा हक्क खरा होता. परंतु खऱ्या हक्कालाही मार्गाची शुद्धता लागते. ज्या रात्री आमणदेव बंदिवान झाला, त्या रात्री त्यास एखादे गाव व सन्मानाची वस्त्रे देऊन जिवंत व डोळस ठेविले असते, तर कदाचित आणखी एखादी लढाई करावी लागली असती. पण भावाभावांत तडजोड होऊ शकते, हा पायंडा त्या घराण्यात पडला असता, आणि पुढे पितापुत्रांत वाद झाला तेव्हा तो उपयोगी पडला असता.

आमच्या सभासद कुटुंबांपाशी राज्ये नाहीत. तथापि वडिलोपार्जित घरे आहेत, थोडीफार शेतीवाडी आहे, देवळातील मानपान आहेत, पूजेच्या पाळ्या आहेत. भावाच्या अज्ञान मुलाची वस्तू सांभाळावयास घेणारे काका आपल्यांतही असतात, आणि पुढे आपल्या मुलाकडे पाहून मन डळमळण्याचा प्रसंग त्यांच्यावरही येतो. अशा वेळी हिशेब लेखी ठेवावा, मुलगा वयात येताच चार माणसांदेखत त्याची वस्तू त्याच्या हाती द्यावी, आणि ज्यांच्या शब्दास घरात मान आहे त्यांनी वेळीच तोंड उघडावे. पुढील श्रावणीस हेमाद्री संकल्प कानी पडेल तेव्हा देवगिरीच्या त्या दोघा चुलतभावांचे स्मरण व्हावे, आणि आपल्या घरात तसे न होवो अशी बुद्धी श्रींनी सर्वांस द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.